गोळी सोडण्यापूर्वी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, किमोथेरपीच्या सलाईन संपतात, किरणांचा शेक घेऊन होतो, गेलेले केस पुन्हा येतात, आणि बाई पूर्वीसारखी चुलीपुढे व शेतात वावरू लागते. घरच्यांच्या दृष्टीने येथे आजार संपलेला असतो. पण पुष्कळ भगिनींच्या हाती डॉक्टर याच वेळी एक लहानशी गोळी देतात आणि सांगतात, 'ही रोज एक, पाच वर्षे.' कोणाला दहा वर्षेही सांगतात. खरी कुरबूर सुरू होते ती येथून. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री लुगडे घामाने भिजते, सकाळी बोटे मिटत नाहीत, सांधे धरतात. गाठ होती तेव्हा ती दुखतसुद्धा नव्हती, आणि बरे झाल्यावर सगळे अंग दुखते, हे कसले औषध, असा प्रश्न आम्हांला अनेकदा ऐकू येतो. त्याहून अधिक वेळा तो कोणी विचारीतच नाही. गोळ्यांची पट्टी फळीवर तशीच पडून राहते, आणि तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारले तर 'घेते की' असे उत्तर मिळते.

हे केवळ आपल्याकडेच होते असे कोणी समजू नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका पाहणीत आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या औषधांचा हिशेब तपासला, तेव्हा साडेचार वर्षे ही गोळी नीट घेणाऱ्या जेमतेम निम्म्याच निघाल्या. शिकलेल्या, मोटारीतून दवाखान्यात जाणाऱ्या बायकांची ही गत. तेव्हा आपल्या भगिनींना आळशी किंवा अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्यांची तक्रार खरी असते. प्रश्न आहे तो त्या तक्रारीचे वजन दुसऱ्या पारड्यातील लाभाशी ताडून पाहण्याचा, आणि ते एकटीने मनातल्या मनात करण्यासारखे काम नाही.

ही गोळी करते काय, हे शेतकऱ्याला समजावयास जड नाही. किंबहुना या उपचाराचा उगमच गोठ्यात व मेंढवाड्यात आहे. स्कॉटलंडमधील जॉर्ज बीटसन हे डॉक्टर १८७६ च्या सुमारास एका रुग्णाच्या देखरेखीसाठी खेड्यात राहत होते. शेजारच्या शेतावर कोकरांचे दूध तोडण्याचे काम चालले होते. ते पाहून त्यांनी दूध येण्याच्या क्रियेवर प्रबंध लिहावयास घेतला. काही देशांत व्यालेल्या गाईचे अंडाशय काढून टाकतात, म्हणजे ती फार काळ दूध देत राहते, असे त्यांच्या कानी आले. अंडाशय पोटात आणि दूध कासेत, तरी एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालतो! ही गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली. १८९५ साली स्तनाचा कर्करोग परत उलटलेल्या ३३ वर्षांच्या एका बाईचे अंडाशय त्यांनी काढले, आणि गाठी ओसरू लागल्या. त्याची हकिगत त्यांनी १८९६ साली छापली. पुढे आजार तिला पुन्हा जडला, पण त्या वेळी हाती दुसरा कोणताच उपाय नव्हता हे लक्षात घेतले पाहिजे. अंडाशयातून निघणारा तो हुकूम म्हणजे इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक, हे कळावयास १९२० चे दशक उजाडावे लागले. आपली गाय माजावर येते ती याच संप्रेरकाच्या जोरावर.

स्तनाच्या सगळ्याच कर्करोगांना हे संप्रेरक पोसते असे नाही. काढलेल्या गाठीची तपासणी करून पेशींवर इस्ट्रोजेनला धरणारी जागा आहे की नाही, ते पाहतात. अहवालात ई.आर. पॉझिटिव्ह असे लिहिलेले असेल तरच ही गोळी उपयोगी. निगेटिव्ह असेल तर तिचा काही लाभ नाही. शेजारणीला दिली म्हणून आपल्याला का नाही, किंवा शेजारणीला नाही तर आपल्यालाच का, हा वाद म्हणूनच फुकटचा आहे.

आता पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. तण माजू नये म्हणून पाणी तोडावयाचे आहे. एक मार्ग म्हणजे वाफ्याचे दारे बांधून टाकणे: पाणी पाटात वाहते, पण वाफ्यात शिरत नाही. टॅमॉक्सिफेन हे करते. इस्ट्रोजेन अंगात असते, पण कर्करोगाच्या पेशीत शिरण्याची त्याची जागा ही गोळी अडवून बसते. पाळी चालू असो वा गेलेली असो, ती दोघींनाही चालते. दुसरा मार्ग पाणी मुळातच आटवण्याचा. पाळी गेल्यावर अंडाशयाची विहीर आटते, पण अंगातील चरबीतून थोडा पाझर चालूच राहतो. तो पाझर लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झिमेस्टेन या गोळ्या बंद करतात. पाळी चालू असलेल्या बाईला या गोळ्या एकट्या देऊन भागत नाही, कारण विहीर भरलेली असताना पाझर बुजवून काय होणार? तिला त्यांच्याबरोबर अंडाशय झोपवणारे इंजेक्शन, बहुधा दर अठ्ठावीस दिवसांनी, घ्यावे लागते किंवा अंडाशय काढावे लागतात. आपल्याकडे हा आजार पाळी जाण्यापूर्वीच गाठणाऱ्या भगिनी बऱ्याच असल्यामुळे हे मुद्दाम सांगितले.

टॅमॉक्सिफेनची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १९६२ साली इंग्लंडमध्ये आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी ते तयार केले ते गर्भ राहू नये म्हणून. उंदरांत ते काम झाले. बायकांत मात्र उलटच, त्याने अंडाशयाला चालना मिळाली! फसलेले औषध म्हणून ते फळीवरच राहावयाचे. पण मँचेस्टरच्या ख्रिस्ती रुग्णालयात ते कर्करोगावर वापरून पाहिले, १९७१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि १९७३ साली ब्रिटनमध्ये त्याला मान्यता मिळाली. (ख्रिस्ती हे त्या रुग्णालयाचे नाव तेथील एका घराण्यावरून पडले आहे, आपल्या धर्मावरून नव्हे.) आज ते जगातील अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि आपल्याकडे काही रुपयांना एक गोळी मिळते. गोळी स्वस्त, म्हणून ती हलकी, असे समजणारे लोक आम्ही पाहिले आहेत. या बाबतीत ते साफ चुकतात.

लाभाचे पारडे किती जड आहे? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वीस चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून २०११ साली प्रसिद्ध केली. ई.आर. पॉझिटिव्ह असलेल्या ज्या स्त्रियांना ही गोळी नव्हती, त्यांच्यात पंधरा वर्षांत शंभरांतील सुमारे ४६ जणींना आजार उलटला; ज्यांना पाच वर्षांची गोळी होती, त्यांच्यात सुमारे ३३ जणींना. या आजाराने मृत्यू पावलेल्या पहिल्या गटात शंभरांत सुमारे ३३, दुसऱ्या गटात सुमारे २४. गोळी पाच वर्षांनी थांबली तरी तिचा आधार त्यानंतरही काही वर्षे टिकला, हेही दिसून आले.

पण हे सर्वांचे मिळून आकडे झाले, आणि येथेच नीट विचार करावयास हवा. सर्व भगिनींचा धोका सारखा नसतो. समजण्यापुरता ढोबळ हिशेब असा: गाठ लहान होती, काखेतल्या गाठींत आजार नव्हता, आणि गोळीशिवाय आजार उलटण्याची भीती शंभरांत १० होती, तर गोळीने ती सुमारे ६ होईल. म्हणजे शंभर बायकांनी पाच वर्षे गोळी घेतल्यावर चौघींचा लाभ. काखेत आजार पसरलेला होता आणि भीती शंभरांत ४० होती, तर ती २५ च्या आसपास येईल. पंधरा जणींचा लाभ. गोळी तीच, त्रासही तोच, पण दुसऱ्या बाईने तो सोसण्याला कितीतरी मोठे कारण आहे. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न 'गोळीने काय त्रास होईल' हा न विचारता, 'माझ्या गाठीच्या मानाने या गोळीने माझा लाभ शंभरांत किती' हा विचारावा. डॉक्टरांना असे विचारणे उद्धटपणाचे नाही. खताची गोणी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो.

आता दुसरे पारडे. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर तेच इस्ट्रोजेनसारखे वागते. त्यामुळे पाळी गेलेल्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. पाळी चालू असलेल्यांत तो वाढ झाल्यासारखा फारसा दिसत नाही. गोळी पाच वर्षे घ्यावी की दहा, याची मोठी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. पाचव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंतच्या काळात गर्भाशयाचा हा कर्करोग पाच वर्षांच्या गटात शंभरांत १.६, दहा वर्षांच्या गटात ३.१ जणींना झाला. त्याने मृत्यू मात्र अनुक्रमे ०.२ आणि ०.४. त्याच काळात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शंभरांत १५ वरून सुमारे १२ वर आले. हा कर्करोग बहुधा लवकर सापडतो, कारण तो रक्तस्रावाच्या रूपाने आपली वर्दी देतो. पाळी गेल्यानंतर कपड्याला रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. 'वय झाले, होते असे कधी कधी' म्हणून शेजारणीने समजूत घातली तरी ऐकू नये. उलट, काहीच तक्रार नसताना दर वर्षी सोनोग्राफी करून पैसे घालवण्याचीही गरज नाही.

दुसरी भीती रक्ताच्या गुठळीची. ती थोड्याच जणींना होते, पण झाल्यास जिवावर बेतू शकते. तिची खूण शेतकरी घरांत हमखास चुकते, म्हणून लिहितो. एकाच पायाची पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. आपण म्हणतो, बांधावरून पाय मुरगळला असेल, काटा मोडला असेल, आणि तेल चोळत बसतो. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईने असा पाय चोळू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकाएकी दम लागला किंवा छातीत कळ आली तर तासाचाही उशीर नको. वेलांकणीच्या यात्रेसारख्या लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उठून चार पावले टाकावीत, पाणी पीत राहावे. कोणतीही मोठी शस्त्रक्रिया ठरली तर ही गोळी चालू असल्याचे आधी सांगावे. पूर्वी कधी गुठळी झालेली असेल तर तेही, गोळी सुरू होण्यापूर्वीच.

अंगातून निघणाऱ्या वाफांनी जीव जात नाही, पण त्या जीव नकोसा करतात. भर उन्हात भांगलण करताना वरून सूर्य आणि आतून ही आग. बहुतेकींच्या वाफा काही महिन्यांत सौम्य होतात. सुती कपडा, अंगावर एकावर एक पातळ वस्त्रे, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या, चहा व तिखट थोडे कमी, याने काहींना आराम पडतो. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिनसारखे औषध देऊ शकतात. मात्र येथे एक मोठी सावधगिरी आहे. उदासीनतेवर दिली जाणारी पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन ही औषधे, तसेच तंबाखू सोडण्यासाठी देतात ते ब्युप्रोपिऑन, यकृतात टॅमॉक्सिफेनचे कामाच्या रूपात होणारे रूपांतर अडवतात. ही एकत्र घेऊ नयेत. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर टॅमॉक्सिफेनची पट्टी पुढे ठेवावी, म्हणजे नाव सांगताना गोंधळ होत नाही.

लेट्रोझोल आणि तिच्या बहिणींचा त्रास निराळा. त्या रक्त गोठवत नाहीत, गर्भाशयाला छेडत नाहीत, पण सांधे धरतात आणि हाडे पोकळ करतात. सुमारे निम्म्या बायका सांधेदुखीची तक्रार करतात, विशेषतः सकाळी. ज्या हाताला विळा धरावयाचा, म्हैस पिळावयाची, त्याची मूठच वळली नाही तर त्या बाईचा संसार अडतो. शहरातल्या डॉक्टरला 'सांधे दुखतात' एवढेच सांगितले तर त्याला ते कळत नाही. 'मला धार काढता येत नाही' असे सांगा. मग उपाय निघतात. एका गोळीने फार त्रास होत असेल तर काही आठवडे ती थांबवून त्याच जातीची दुसरी देऊन पाहतात, आणि दुसरी अनेकींना सोसते. तीही सोसली नाही तर टॅमॉक्सिफेनकडे वळता येते. लाभ थोडा कमी, पण काहीच न घेण्यापेक्षा पुष्कळ अधिक. नेमाने चालणे आणि हातापायांत बळ आणणारे व्यायाम यांनी ही दुखणी कमी होतात, हे अमेरिकेतील एका चाचणीत दिसले आहे. शेतात राबणारी बाई म्हणेल, आणखी व्यायाम कसला? पण वाकून दिवसभर एकच काम करणे आणि सर्व सांधे हलवणे यांत फरक आहे.

हाडांसाठी सुरुवातीलाच घनतेची तपासणी करून घ्यावी. नाचणी, दूध, तीळ आपल्या घरचेच आहे. ड जीवनसत्त्व कमी निघाले तर गोळी घ्यावी. गरज पडल्यास डॉक्टर सहा महिन्यांनी एकदा हाड बळकट करणारे इंजेक्शन देतात. ते घेण्याआधी किडके दात दाखवून घ्यावेत, कारण त्यानंतर दात काढल्यास जबड्याला त्रास होण्याचा संभव असतो.

आणखी एक त्रास आहे, जो बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत. जागा कोरडी पडते, जवळीक दुखरी होते, आणि घरात उगाच दुरावा येतो. नवऱ्याने हे औषधाचे काम आहे, मनाचे नव्हे, हे ओळखावे. संप्रेरक नसलेली मलमे मिळतात. ती आधी वापरावीत.

पाळी चालू असलेल्या भगिनींना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टॅमॉक्सिफेन चालू असताना दिवस गेले तर बाळाला व्यंग येण्याचा धोका आहे. गोळीने पाळी लांबते, कधी बंदही होते. पण पाळी थांबली म्हणजे दिवस जाणारच नाहीत असे नव्हे. दिवस मोजून किंवा स्राव पाहून संयम पाळणारी जोडपी आपल्यात आहेत. या गोळीने त्या दोन्ही खुणा बिघडतात, त्यांवर विसंबून राहता येत नाही. संप्रेरकांच्या पाळणागोळ्या तर या आजारात वर्ज्यच. पतिपत्नींनी एकत्र बसून डॉक्टरांशी हे बोलावे, आणि मनाला काही टोचत असेल तर फादरांशीही. मूल हवे असेल त्यांच्यासाठी एक आशेची गोष्ट आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे गोळी घेऊन मग बाळासाठी ती दोन वर्षांपर्यंत थांबवली. पहिल्या सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि गोळी अंगातून उतरण्यास काही महिने देऊन.

बेळगाव भागात सोयाबीन पिकते, आणि सोयाबीनमध्ये संप्रेरक असते म्हणून या आजारात ते विष, अशी अफवाही पिकते. शांघायमधील सुमारे पाच हजार रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात, २००९ साली, आहारात सोयाबीनचे पदार्थ अधिक असणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण उलट कमी आढळले. तेव्हा पिठात सोयाबीन घालावयास हरकत नाही. हळदीचेही तसेच: आमटीतली हळद चालेल, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मोठ्या मात्रेने घेतल्यास टॅमॉक्सिफेनचा कामाचा अंश रक्तात काहीसा घटतो, असे २०१९ साली नेदरलँड्समधील एका लहानशा अभ्यासात दिसले. बाटलीबंद काढे, चूर्णे डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नयेत.

एवढे सगळे करूनही एखादीला गोळी सोसतच नाही. तिने काय करावे? आमचे मत असे, की तिने सोडण्याचा निर्णय घेतला तर तो तिचा हक्क आहे, आणि ज्या बाईचा लाभ शंभरांत तीनचारच होता, तिचा तो निर्णय शहाणपणाचाही ठरू शकतो. पण तो सांगून घ्यावा. गुपचूप सोडलेल्या गोळीत दोन तोटे आहेत: दुसरा उपाय करण्याची संधी जाते, आणि उद्या आजार उलटलाच तर ती गोळीला न जुमानता उलटला असे समजून डॉक्टर पुढचे औषध ठरवतात. आजारपणाचे दुःख देवाला अर्पण करण्याची आपली रीत जुनी आहे. ते डॉक्टरांपासून लपवून ठेवावे असे कोठेही सांगितलेले नाही. पाच वर्षे पुरी झालेल्यांसाठी हेही सांगतो, की पुढे लेट्रोझोल वाढवून घेताना दर वर्षी तीन महिने विसावा देऊन पाहिलेल्या एका चाचणीत, २०१७ साली, अखंड घेणाऱ्यांपेक्षा तोटा झालेला आढळला नाही. पहिल्या पाच वर्षांना मात्र हा नियम लावू नये.

सध्या एवढे करावे. एक वही घालावी आणि दोन महिने त्रास कधी, किती, कोणत्या कामाला आडवा येतो ते दोन ओळींत टिपावे. स्वतःला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. गोळी रोज एकाच वेळी घ्यावी, जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते, त्यामुळे उपवासकाळात ती चुकवण्याचे कारण नाही. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. खानापूरकडच्या ज्या वाड्यांचा रस्ता जुलैत ओढ्याच्या पाण्याने बंद होतो, तेथील घरांनी मिरगापूर्वीच तीन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवाव्यात. गाठीच्या तपासणीचा मूळ अहवाल पिशवीत घालून जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवावा आणि दवाखान्यात जाताना त्याची प्रत न्यावी.